ट्राउटकाकांच्या चार अंघोळी

ट्राउटकाका कट्टर शाकाहारी होते. कुणाच्या घरी वाढदिवसाचा केक कापला तर ते बशी हातात घेऊन आधी ‘यात अंडं आहे का हो?’ असं विचारायचे, आणि यजमानीण ‘नाही’ म्हणाली तरी तिच्या चेहऱ्याकडे दोन मिनिटं बघत राहायचे. हाच माणूस दर शनिवारी पहाटे उठून, जाऊनयेऊन दोनशे मैल गाडी हाकून डोंगरातल्या ओढ्यावर मासे पकडायला जायचा आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचा. मासे मिळायचे की. दहा-बारा सहज मिळायचे. काका ते पकडायचे, नीट बघायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे.

मला त्यांचा फार राग यायचा.

माझं माहेर मालवणचं. आमच्याकडे मासा हा छंद नसतो, जेवण असतं. लग्न होऊन मी ॲरिझोनातल्या चँडलरला आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं कुठे सुरू झालं होतं. एका बाजूला कापसाची शेतं, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरच्या चिप्सचे नवेकोरे कारखाने आणि मध्ये आमची दुमजली अपार्टमेंट्स. समुद्र म्हणाल तर तो दुसऱ्या राज्यात, नाहीतर थेट दुसऱ्या देशात. सुपरमार्केटात मासा मिळायचा तो चौकोनी, बर्फात दगड झालेला, ज्याला डोकं नाही की शेपूट नाही. त्याचं कालवण करताना मला पुष्कळदा रडू यायचं. आणि माझ्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, बार्शीचे एक गृहस्थ राहत होते जे दर आठवड्याला डझनभर ताजे मासे हातात घेऊन सोडून देत होते.

‘ट्राउटकाका’ हे नाव मीच ठेवलं. त्या डोंगरातल्या माशाला ट्राउट म्हणतात, एवढंच त्याचं कारण. खरं आडनाव इथे लिहीत नाही. काका आता नाहीत, पण त्यांची मुलं आहेत आणि त्यांना ते आवडणार नाही. आमच्या मराठी मंडळात तेव्हा अठरा घरं होती. त्या अठरा घरांत हे नाव इतकं रुजलं, की पॉटलकच्या, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, यादीत ‘ट्राउटकाका – मसालेभात’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. माझा नवरा सुहास त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच हाताखाली होता. तो बिचारा मला सांगायचा, ‘शैला, प्लीज, बॉस आहेत यार ते माझे. जरा टोन डाउन कर.’ मी टोन डाउन केला नाही.

आणि कसा करणार? ओढा शंभर मैलांवर, पण काका घरूनच सजून निघत. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तिला खांद्यावरून पट्टे, वर अठरा खिशांचं जाकीट, डोक्यावर हॅट आणि हॅटला टोचलेल्या वीस-पंचवीस खोट्या माश्या. जिन्यावरून उतरताना त्या रबराचा किरकिर आवाज यायचा, आणि शनिवारी पहाटे आम्हाला गजर लावायची गरज पडायची नाही. अठरा खिशांपैकी सतरात मासेमारीचं सामान असे. अठराव्यात शेंगाचटणी लावून गुंडाळलेल्या दोन पोळ्या. बार्शीचा माणूस चंद्रावर गेला तरी शेंगाचटणी घेऊनच जाईल, असं मी म्हणायचे. काका म्हणायचे, ‘अर्थात. तिथे कुठे मिळणार?’

या माश्या ते स्वतः बांधत. गळाला गांडूळ लावायचं तर गांडुळाचा जीव जातो, ते त्यांना पटत नसे. म्हणून सुईएवढ्या हुकावर दोरा गुंडाळून, पिसं बांधून हुबेहूब माशी करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची आणि माशाला फसवायचं. त्यासाठी त्यांनी कुठून तरी कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं आणलं होतं. सुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते घरात घ्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून कोंबडा बाल्कनीत, बुटांच्या खोक्यात राहायला गेला आणि त्याच्यापाठोपाठ काकाही. पण सगळ्यात चांगली माशी म्हणे मोरपिसाच्या हिरव्या तंतूंची होते. काकूंच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला एक मोरपीस होतं, बार्शीहून आणलेलं. दर गोकुळाष्टमीला ते थोडं अधिक विरळ झालेलं दिसे. तिसऱ्या वर्षी नुसता डोळा आणि काडी उरली.

‘या पिसाला असं टक्कल कसं पडलं हो?’ काकूंनी आम्हा सगळ्यांसमोर विचारलं.

‘इथली हवा कोरडी आहे,’ काका म्हणाले.

हुकाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो ते पक्कडीनं दाबून टाकत. माशाला फार लागू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, ‘काका, लागू नये असं वाटतंय तर घरी बसा की.’ त्यावर ते पक्कड खाली ठेवून म्हणाले, ‘शैला, मी त्याला भेटतो. तुम्ही लोक त्याला जेवता.’ हे वाक्य त्यांनी बहुधा बरेच दिवस तयार करून ठेवलं होतं. मी काही कमी नव्हते. म्हटलं, ‘भेटायला जाताना कुणी ओठात हूक घालतं का? आम्ही मासा मारतो, पण त्याचा असा अपमान नाही करत.’ काका चिडले नाहीत. दोन दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा आपण होऊन म्हणाले, ‘तुझा मुद्दा बरोबर आहे. मी विचार केला. पण माझ्याकडे दुसरा उपाय नाही.’

उपाय कशावर, ते सुहासनं सांगितलं. कारखान्यात चिप्स बनतात त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही, म्हणून आत जाणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवावा लागतो. डोळे तेवढे दिसतात. कोण बोलतंय तेही पटकन कळत नाही. काका आठवड्याचे पाच दिवस त्यात असत. ‘पाच दिवस मी पिशवीत असतो,’ ते म्हणायचे, ‘शनिवारी मला हाताला चिखल लागलेला बरा वाटतो.’ मी म्हणायचे, म्हणून सहाव्या दिवशी रबराच्या पिशवीत जायचं का.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे ‘ओढ्याला माणूस एकच लागतो.’ ते एकटे जात आणि कुठल्या ओढ्यावर जातात हे सांगत नसत. मंडळाच्या अध्यक्षांनी एका उन्हाळ्यात फार गळ घातली, की सगळ्यांची सहल तिकडेच नेऊ, थंड जागा आहे, मुलं पाण्यात खेळतील, आपण भेळ करू. काकांचा चेहरा कुणी किडनी मागितल्यासारखा झाला. ते ‘बघू’ म्हणाले आणि पुढचा महिनाभर अध्यक्षांचा फोन घेतला नाही. ओढ्याचं नाव खुद्द काकूंनाही ठाऊक नव्हतं. ‘उद्या काही बरंवाईट झालं तर पोलिसांना मी काय सांगू? कुठल्या तरी ओढ्यात आहेत म्हणून?’ काकू विचारायच्या. ‘आठपर्यंत आलो नाही तर काळजी कर,’ काका सांगायचे, ‘त्याआधी नको.’ त्यांचा थोरला मुलगा या संभाषणावर डोळे फिरवून ‘डॅड, यू आर सो वीअर्ड’ म्हणायचा, आणि मला तो मुलगा अतिशय समंजस वाटायचा.

एका जानेवारीत माझी आई गेली. मला जाता आलं नाही. एप्रिलमध्ये मी भाऊंना, माझ्या वडिलांना, इकडे बोलावून घेतलं. पोस्टातून निवृत्त झालेला बहात्तर वर्षांचा माणूस, एकट्यानं तीन विमानं बदलून आला. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं.

भाऊ जेवेनात. पहिले आठ दिवस प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं. मग मी रोज नवीन काही करायला लागले. सोलकढी, घावणे, वालाची उसळ, तो चौकोनी मासासुद्धा. भाऊ ताटाकडे बघत, दोन घास खात, आणि ‘माका भूक नाय गो’ म्हणून ताट सरकवत. सुहासनं त्यांच्या पट्ट्याला दोनदा नवं भोक पाडून दिलं. मेच्या अखेरीला ते एक दिवस म्हणाले, की तिकीट बदलून मिळतं का बघ, जूनमध्ये घरी जातो. ते तिकडच्या रिकाम्या घरात एकटे गेले तर पावसाळा काढणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी मनातून हादरले होते. आई मला न भेटता गेली होती. आता भाऊ माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच टेबलापाशी बसून चालले होते.

तेव्हा मी ज्या माणसाची तीन वर्षं टिंगल केली, त्याच्या दारात गेले. शुक्रवार होता. काका बाल्कनीत माशी बांधत बसले होते.

‘काका, उद्या एक मासा आणाल? भाऊंसाठी.’

त्यांनी हातातला दोरा सोडला नाही. ‘मी मारत नाही शैला.’

‘माहीत आहे मला. एकच. ताजा मासा बघितला तर ते जेवतील. जेवले तर राहतील.’

त्यांनी कोंबड्याच्या खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, ‘एक म्हणजे केवढा?’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर रबराची किरकिर आली, पण आमच्या दारापाशी न थांबता वर गेली. मग आमच्या छतातल्या पाइपमधून पाणी वाहिल्याचा आवाज येऊ लागला. चांगलं वीस मिनिटं वाहत होतं. त्यानंतर दार वाजलं. काका धुतलेला पांढरा सदरा घालून उभे होते, केसांतून पाणी निथळत होतं, आणि हातात कॉफीचा रिकामा टिनचा डबा होता. पोळीचा डबा काकूंनी दिला नव्हता. डब्यात बर्फ, आणि बर्फात एक वीतभर मासा. अंगावर लाल-काळे ठिपके, डोळा अजून चमकत होता. काकांनी डबा पुढे केला आणि मान दुसरीकडे वळवली.

‘उशीर झाला,’ ते म्हणाले. ‘अंघोळ करून आलो.’

‘का?’

‘जीव गेला ना. सुतक नको का धरायला?’

ते गंभीरपणे बोलत होते. मी कसंबसं ‘थँक्यू काका’ म्हटलं, दार लावलं आणि ओट्याला धरून पोट दुखेपर्यंत हसले. आणि मासा तव्यावर पडायच्या आत मी दोन घरी फोन करून ‘ट्राउटकाकांनी माशाचं सुतक पाळलं’ ही बातमी दिली. उरलेल्या घरांना ती त्या दोघींनी पोचवली.

मासा मी आईसारखा केला. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ. डोक्याशेपटासकट मासा ताटात बघून भाऊ सरसावून बसले. त्यांनी एक घास घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं.

‘ह्येका मासो म्हणतत?’

मी त्यांच्या पानात भात वाढला.

‘गोड्या पाण्यातलो. चव खंय आसा?’

मला रडूच येणार होतं. ते लपवायला मी त्यांना अंघोळीची गोष्ट सांगितली, काकांची नक्कल करून, मान वळवून डबा पुढे करत. वाटलं, भाऊ तरी हसतील. आमच्या घरात चेष्टा करायची सवय मूळ त्यांचीच. भाऊ हसले नाहीत. त्यांनी मासा पुन्हा पुढे ओढला, भात कालवला आणि काटा स्वच्छ होईपर्यंत सगळा खाल्ला. महिन्याभरात पहिल्यांदा ताट रिकामं झालं. मला तेवढंच हवं होतं. का खाल्ला, ते मी विचारलं नाही.

रविवारी मी वर जाऊन सांगितलं, ‘काका, भाऊंना फार आवडला. मिटक्या मारत खाल्ला. असाच दर शनिवारी एक मिळाला ना, तर ते तिकीट बदलायचं नाव काढणार नाहीत.’ काकांनी मान डोलावली. त्यांना आनंद झाला की दुःख, ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारसं बघितलंही नाही.

असे चार शनिवार गेले. दर शनिवारी किरकिर वर जायची, छतातून पाणी वाहायचं, ओल्या केसांचे काका मान वळवून डबा पुढे करायचे. दर शनिवारी भाऊ औषध घ्यावं तसा तो मासा भाताबरोबर संपवायचे. तिसऱ्या आठवड्यात सुधाकाकू खाली आल्या आणि म्हणाल्या, ‘शैला, हे शनिवारी रात्री जेवत नाहीत गं हल्ली. पाणी पिऊन झोपतात.’ मी ‘अगंबाई’ म्हटलं आणि विषय बदलला. माझ्या वडिलांच्या पोटात भात जात होता. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या पोटाची चौकशी करायला मला सवड नव्हती.

पाचव्या शुक्रवारी भाऊ म्हणाले, ‘उद्या मी त्येच्या वांगडा जातंय.’

मी त्यांना सांगितलं, की काका कुणालाच बरोबर नेत नाहीत, मंडळाच्या अध्यक्षांनासुद्धा नाही. भाऊ म्हणाले, ‘इचारून तर बघ.’ मी वर गेले. काकांनी ऐकून घेतलं, आणि फक्त ‘मी एकटा जातो’ म्हणाले. मी म्हटलं, तेच सांगितलं मी त्यांना. मग काका उठले, बाल्कनीच्या कठड्यापर्यंत गेले, परत आले.

‘पाचला,’ म्हणाले. ‘बूट घालून.’

तो शनिवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. म्हातारा माणूस, डोंगर, निसरडे दगड, आणि ओढ्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास गाडी आली. भाऊ आत आले. नाक उन्हानं लाल झालेलं, बुटांना चिखल. हातात कॉफीचा डबा, रिकामा. मी छताकडे कान लावून बसले. वर पाणी वाहिलंच नाही.

‘भात आसा?’ भाऊंनी विचारलं.

ते आमटीभात दोनदा घेऊन जेवले. लोणचं मागून घेतलं. आणि जेवता जेवता सांगायला लागले. पहिल्या तासातच काकांनी एक मासा पकडला. हात ओला करून त्याला धरलं, दुसऱ्या हातात दगड घेतला. दगड वर नेला, पण तो खाली येईना. तेव्हा भाऊ म्हणाले, ‘सोडा हो त्याला. मला हा मासा आवडत नाही. पहिल्या दिवसापासून आवडत नाही.’

काका दगड तसाच वर धरून उभे. ‘पण शैला म्हणाली...’

‘शैला खोटं बोलली. तिची आईपण असंच बोलायची, समोरच्याला बरं वाटेल असं.’

आणि आईचं नाव निघाल्यावर भाऊंना पुढे बोलवेना. काकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. आधी मासा पाण्यात सोडला. मग ओढ्याच्या एका वळणावर सपाट खडक होता, तिथे भाऊंना हात धरून बसवलं, शेंगाचटणीची पोळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘मी वर जातो. चार तासांनी येईन. इथे कुणी येत नाही. आणि पाण्याचा आवाज मोठा आहे.’ एवढं सांगून ते वळणापलीकडे गेले. चार तास फिरकले नाहीत.

भाऊंनी पानातला शेवटचा भात गोळा केला. ‘तेरा दिवस घर भरलेला,’ म्हणाले. ‘मगे शेजारी-पाजारी. मगे हयसर तू. माका कोणी येकटो सोडल्यानच नाय गो.’

मला ते लागलं. अजून लागतं. दोन महिने मी त्यांच्यामागे ताट घेऊन फिरत होते, आणि त्यांना हवं होतं ते जेवण नव्हतंच. जे हवं होतं ते मागायलाही त्यांच्याजवळ शब्द नव्हते. आणि ते ओळखलं कुणी, तर माशाला भेटायला जाणाऱ्या माणसानं.

थोड्या वेळानं भाऊ मूळपदावर आले. ‘आमच्या व्हाळात यापरास जास्त पाणी असता,’ म्हणाले. ‘पाणी घोट्याइतक्या, आणि हो बाबा छातीपर्यंत विजार घालून उभो!’

रविवारी सकाळी जिन्यात काका भेटले. मी त्यांना चुकवायच्या बेतात होते, पण ते मध्येच उभे राहिले.

‘चार मासे शैला,’ ते म्हणाले. ‘चार.’

खरं तर माफी मागायची वेळ होती. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती. ‘आणि अंघोळीही चार,’ मी म्हणाले.

‘हो. अंघोळी मी केल्या,’ काका म्हणाले. ‘पण मारलेस तू.’

आणि ते किरकिर न करता, साध्या चपला घालून खाली निघून गेले. माशाच्या अपमानावर त्यांना व्याख्यान देणारी मी, जिन्यात तशीच उभी राहिले. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मग एका पॉटलकला माझ्या केकची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, ‘यात अंडं आहे का?’ मी ‘नाही’ म्हणाले. काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, ‘हिचं नाही म्हणजे आहे,’ आणि बशी ठेवून दिली. त्या दिवशी आमचं मिटलं. केकमध्ये अंडं होतं.

भाऊ ऑक्टोबरपर्यंत राहिले. पट्टा परत जुन्या भोकावर आला. अधूनमधून शनिवारी ते काकांबरोबर जात, वळणावर उतरत, काका वर जात. दोघं चार तासांनी भेटत आणि गाडीत म्हणे फारसं बोलत नसत. ओढ्याचं नाव मी भाऊंना विचारून बघितलं. ‘मी इचारूक नाय,’ ते म्हणाले. ‘तूय इचारू नको.’

दोन वर्षांनी, एका मंगळवारी, मालवणहून शेजाऱ्यांचा फोन आला. भाऊ झोपेतच गेले होते. फोन लागेपर्यंत सगळं उरकलं होतं. निघून जाण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. सुहासनं कारखान्यातून मंडळात कळवलं, आणि अठरा घरं आपापले डबे घेऊन यायच्या तयारीला लागली. सगळ्यांत आधी आले ते काका. भर दुपारी, कामाचा दिवस टाकून. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडेल असं ऊन. मी दार उघडलं तर धुतलेला पांढरा सदरा, आणि केसांतून निथळणारं पाणी कॉलरवर उतरत होतं.

माझ्या ते लगेच लक्षात आलं. याच ओल्या केसांची नक्कल करून मी अठरा घरं हसवली होती. काका भाऊंचे कुणी लागत नव्हते, ना जातीचे ना गावचे. ते दाराशेजारच्या खुर्चीत बसले, आणि मग माणसं येत गेली, बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत गेल्या, कुणी चहा केला, कुणी मला जेवायचा आग्रह केला. तीन दिवस घर भरलेलं होतं. मला रडू फुटत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी काका पुन्हा आले, आत आले नाहीत.

‘उद्या पाचला,’ म्हणाले. ‘बूट घालून.’

वाटेत आम्ही दोन तासांत चार वाक्यंही बोललो नसू. आधी वाळवंट, काटेरी निवडुंग, मग हळूहळू चढ आणि पाइनची झाडं. एका कच्च्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवली. रबराची किरकिर माझ्यापुढे चालत होती. ओढा दिसला तेव्हा मला अशाही स्थितीत हसू आलं, कारण पाणी खरोखरच घोट्याएवढं होतं. वळणावर सपाट खडक होता. काकांनी मला तिथे बसवलं आणि अठराव्या खिशातून पोळी काढून माझ्या हातात दिली.

‘ते इथेच बसायचे,’ म्हणाले. ‘मी वर जातो. चार तासांनी येईन.’

दहा पावलं गेल्यावर ते थांबले. वळले. हॅट मागे सारली.

‘आणि शैला, मासे दिसले तर त्यांना काही सांगू नकोस. तू सांगितलेलं खरं वाटतं.’

मग ते वळणापलीकडे गेले. किरकिर ऐकू यायची थांबेपर्यंत मी वाट बघितली. पाण्याचा आवाज मोठा होता, त्यांनी भाऊंना सांगितलं होतं तेवढा.